वाढत्या मापाचा

मी डावा बोलतोय. डावा म्हणजे गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी बसणारा शॉकअप. माझं खरं नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पण एवढं लांबलचक नाव घेऊन हाक मारायला गॅरेजमध्ये कुणाला सवड असते? तेव्हा शॉकअपच म्हणा. दिसायला मी साधाच आहे. एक जाड नळी, तिच्यात तेल आणि त्या तेलात वरखाली होणारा एक दांडा. तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल. गाडीखाली वाकून बघायची वेळ माणसावर येते तेव्हा तो आधीच वैतागलेला असतो, आणि वैतागलेल्या माणसाला माझं रूप काय दिसणार!

एक गैरसमज आधीच दूर करतो. गाडीचं वजन मी उचलत नाही. ते काम पाट्यांचं, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचं. खड्डा आला की पाटे दबतात, मग उसळतात, पुन्हा दबतात, पुन्हा उसळतात. थांबणं त्यांना ठाऊकच नाही. त्या उसळीचा हात धरून "पुरे आता" म्हणणारा मी. पण कुणाला आवरायचं तर वरती भार हवा, आणि तो आपल्या ताकदीला साजेसा हवा. मी जन्मभर त्या भाराची वाट पाहत आलो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या मला यंत्रात उभं केलं, दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. शेवटी एका पोक्त बाईंनी मला हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा भारीच ताठ आहे ग बाई!" झालं, माझी रवानगी कडक शॉकअपच्या ढिगात. तिथं मला माझा जुळा भाऊ भेटला, उजवा. आम्ही एकाच खोक्यात पाठीला पाठ लावून निजलो. आमच्यात एकट्याला कुणी विकत घेत नाही. जोडीनं बसायचं आणि निघायची वेळ आली की जोडीनंच निघायचं, अशी आमची रीत.

पुढे आम्ही एका मिस्त्रींच्या गॅरेजात आलो. फळीवर आमच्या शेजारी आणखी दोन जोड्या होत्या, एक मऊ आणि एक मधली. त्यांना गिऱ्हाइकं येत, आम्हाला नुसतं दाबून बघत आणि हात झटकत. मिस्त्री सगळ्यांना सांगत, "हे मोठा बोजा ओढणाऱ्यांसाठी." मोठा बोजा ओढणारं कुणी येईचना.

मग एके दिवशी त्या दोघी बहिणी आल्या.

थोरली शिवणकाम करायची. तिला सगळं गाव ताई म्हणे, मिस्त्रीसुद्धा. धाकटी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिचं नाव काय होतं देव जाणे, ताई तिला ठकी म्हणायची. ठकीचे केस कानापाशी पिकलेले, तरी ठकी ती ठकीच. तोंड उघडून पडलेल्या माणसांशी दिवसभर बोलून बोलून उत्तराची वाट बघायची तिची सवयच मोडली होती. ती बोलत सुटायची. ताई उत्तर द्यायची, पण बऱ्याच वेळानं, ठकी तिसऱ्याच विषयावर पोचल्यावर.

त्यांच्या गाडीमागे एक छोटा ट्रेलर होता. दोघींनी मिळून अंगणात बांधलेला. उंच चाकांचा, आत दोघींना निजण्यापुरती जागा, मागची झडप वर उचलली की स्वयंपाकाचा ओटा. बाजूला ताणायचं ताडपत्रीचं छत ताईनं शिवलं होतं, दुहेरी टिपेनं. लग्न दोघींनी केलं नव्हतं. सुट्टी मिळाली की डांबरी रस्ता सोडून जिथं वाट नेईल तिथं जायचं, असा त्यांचा बेत होता. पण ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू डुलायची, म्हणून त्या मिस्त्रींकडे आल्या होत्या.

मिस्त्री पद्धतशीर माणूस. त्यांनी आधीच बजावलं होतं, "ट्रेलरमध्ये जे जे नेणार ते सगळं भरून आणा. रिकाम्या ट्रेलरचं माप घेऊन उपयोग नाही." त्यांनी माणसांचं वजन करायचा काटा जमिनीवर ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ट्रेलरचं पुढचं टोक, जे गाडीच्या हुकावर बसतं, ते त्यावर टेकवलं. काटा भर्रकन फिरला.

"पुढे काय भरलंय एवढं जड?"

"माझं हातमशीन," ताई म्हणाली.

"जंगलात शिवणार काय तुम्ही?"

"का? जंगलात काय कमी उसवतं?"

मिस्त्रींनी मान डोलावली. "बरं, पुढे वजन आहे ते चांगलंच. पुढे हलका राहिला तर ट्रेलर शेपूट हलवतो. आता तुम्ही दोघी काट्यावर या."

ठकी टुणकन चढली. ताई मात्र दोन पावलं मागे सरली.

"माझं वजन कशाला हवंय? मी काय ट्रेलरमध्ये बसणार आहे?"

"गाडीत बसणार ना? तोही भार मागच्या चाकांवर येतोच."

"मग अंदाजे धरा."

"अंदाजे किती?"

"ठकीएवढं."

ठकी इतकी हसली की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला. "ताई, अगं माझ्याएवढी तू शाळेत होतीस!"

ताई काही काट्यावर चढली नाही. मिस्त्रींनी डोळ्यांनीच मोजमाप केलं आणि मधली जोडी फळीवरून काढली. "दगडाची वाट, मागे ट्रेलर, माणसं दोन. हे घ्या. अगदी बरोबर बसतील."

ताईनं ते हातात घेतले, दाबून बघितले. मग तिची नजर आमच्यावर गेली. तिनं मला उचललं, बोटानं माझी जाडी चाचपली, जशी ती गिऱ्हाइकाचा दंड चाचपत असेल, आणि म्हणाली, "हे द्या."

"ते कडक आहेत ताई. दोघींना जास्तच होतील. हाडं खिळखिळी करतील तुमची."

"होऊ देत. माप नेहमी वाढतं घ्यावं. उद्या सामान वाढेल, माणूस वाढेल. कुणी सांगितलंय?"

"अहो, शॉकअप म्हणजे झंपर आहे का, नंतर उसवून सैल करायला?"

पण ताईपुढे मिस्त्रींचं काय चालणार! तिनं आयुष्यात अंगासरशी कपडा कधी शिवलाच नव्हता. तिच्या हातच्या प्रत्येक कपड्याच्या आत बोटभर कापड दाबलेलं असे. लोक आज आहेत तेवढेच राहत नाहीत, असं ती म्हणायची. त्या दिवशी मी आणि उजवा त्या गाडीखाली चढलो. मिस्त्रींच्या मते चुकीच्या गाडीखाली, ताईच्या मते वाढत्या मापाचे म्हणून.

पहिल्याच खड्ड्यात ठकीचं डोकं छताला आपटलं. "ताई, तुझं हे वाढतं माप!" ती ओरडली. दोन वळणं गेल्यावर ताई म्हणाली, "बसेल अंगाला. नवं आहे अजून."

आणि खरंच, बसलं. थोडे ताठ होतो आम्ही, पण त्यांनीही सामान भरभरून घेतलं आणि आमचं जमून गेलं. काय सांगू त्या वाटा! कोरड्या नदीतले गोटे, पन्हाळीच्या पत्र्यासारखे वळ्या पडलेले माळ, तळ्याकाठचा भुसभुशीत चिखल. रात्रभर गाडी उभी असली की मागच्या ट्रेलरमधून त्या दोघींची कुजबूज ऐकू यायची. सकाळी ताई एखाद्या झाडाखाली मशीन मांडायची, वाटेत भेटलेल्या कुणाचा फाटलेला तंबू शिवून द्यायची.

माणसांबद्दल मला जे कळतं ते त्यांच्या वजनावरून. दार आपटलं की भांडण झालंय. दोघी एकाच बाजूला कलल्या की काहीतरी बघण्यासारखं आलंय. ठकी गाडीत उडी मारून बसायची. ताई मात्र आधी कडीला धरायची, मग एक पाय, मग हळूच बाकीची ताई. ती डाव्या सीटवर बसे, म्हणजे माझ्या बाजूला. ती बसली की मी थोडासा दबायचो आणि मला बरं वाटायचं. दूरवर खड्डा दिसला की ती म्हणायची, "हळू ग." ठकीनं वेग कमी केला नाही तरी मला तेवढ्यात तयार व्हायला वेळ मिळायचा. आपल्याला कुणीतरी आधी सांगतंय, एवढंही किती असतं!

मग एक रोपवाटिकावाले ताईकडे विजार आखूड करायला घेऊन आले. आठवड्यानं तीच विजार थोडी लांब करायला आणली. मग पुन्हा आखूड करायला. हे सगळं मला ठकीच्या बडबडीतून कळलं. ती गाडी चालवता चालवता हसून सांगत होती, "ताई, त्या माणसाचे पाय वाढतात की कमी होतात ग?" ताईनं या वेळी कितीही वळणं गेली तरी उत्तर दिलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पन्नाशी उलटल्यावर ताईनं लग्न केलं. झाडांशी बोलून बोलून माणसांशी बोलायला विसरलेला तो गृहस्थ ताईशी मात्र बोलत असे, आणि ताई त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत असे. ती रोपवाटिकेमागच्या त्याच्या घरी राहायला गेली. जाताना ट्रेलरमधलं मशीन उचललं. हुकावरचा भार गेला. मग माझ्या बाजूची सीट रिकामी झाली.

एकदा ती अंगणात आली आणि गाडीच्या उघड्या दाराशी उभी राहून म्हणाली, "ठके, पुढच्या सुट्टीत आपण तिघं जाऊ या का? यांना डोंगरावरची झाडं बघायची आहेत."

"गाडी दोघींच्या मापाची आहे, ताई," ठकी म्हणाली. "मिस्त्रींनी मोजून दिलीय."

ताईनं पदर सावरला. मग दार लावलं, इतकं हळू की मला काही जाणवलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ठकी एकटी निघू लागली. तिच्या एकटीच्या वजनाला मी फारच ताठ होतो. गाडी दबायचीच नाही. माळावर मागची चाकं टणाटण उडायची, ओट्यावरच्या बश्या फुटायच्या आणि पुढून हलका झालेला ट्रेलर शेपूट हलवायचा. तिनं एक युक्ती केली. पाण्याचा मोठा कॅन भरून ताईच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. भार आला खरा. पण पाण्याचा कॅन "हळू ग" म्हणत नाही. ठकीची बडबड चालूच होती, फरक एवढाच की आता मध्येच ती थांबायची. उत्तराची वाट बघायला ती आता शिकली होती.

एका उतारावर ट्रेलर असा काही झोकांड्या खायला लागला की गाडी दरीच्या अंगाला सरकली. ठकीनं कशीबशी आवरली. मग ती खाली उतरली, डाव्या चाकाला टेकून मातीतच बसली आणि रडली. "ताई, तू जायला नको होतंस ग," असं म्हणाली. तिथं ऐकायला मी एकटाच होतो. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण मला हात नाही. मी तरी काय वेगळं म्हणत होतो?

ती गाडी घेऊन गॅरेजात आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पुढचं वजन पुन्हा नीट भरा आणि हे कडक काढून मऊ घाला. मी तेव्हाच सांगत होतो."

ठकीनं ताईच्या सीटवरचा कॅन उतरवला. "घाला," ती म्हणाली. "आता एकटीचंच माप."

आम्हा दोघांना पोत्यात गुंडाळून तिनं घरामागच्या अडगळीच्या खोलीत फळीवर ठेवलं. आडवं. तिथून गाडी सुरू झाल्याचं ऐकू यायचं. मऊ जोडी कुरकुर न करता तिला घेऊन जायची आणि मी पोत्याच्या आत जळायचो. खरं सांगतो, मला त्या वाटांची इतकी आठवण यायची की कुणी शेजारून चालत गेलं आणि फळी हलली तरी मी हुरळून जायचो. उजवा दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. मी त्याला म्हणायचो, "अरे, येईल ती." तो म्हणायचा, "कोण?" मला नेमकं सांगता यायचं नाही.

ताई अधूनमधून येई. दोघी पूर्वी कडाकडा भांडत, आता एकमेकींना चहा विचारत. माझ्या लेखी ते भांडणापेक्षा वाईट होतं.

अशीच एकदा ताई आली असताना ठकी अडगळीच्या खोलीत प्रवासाचं सामान काढत होती. तिनं ताईनंच शिवलेलं जुनं जाकीट अंगात घातलं. बटण लागेना.

"काढ इकडे," ताई म्हणाली. पिशवीतून छोटी कात्री काढून तिनं तिथंच, खिडकीच्या उजेडात, जाकिटाची बाजूची शिवण उसवायला घेतली. आतून घडी घातलेलं कापड बाहेर आलं. वरचं कापड उन्हानं पार विटलं होतं. आतली पट्टी मात्र कोरी करकरीत, पहिल्या दिवसाच्या रंगाची.

"हे कधी ठेवलं होतंस?" ठकीनं विचारलं.

"शिवतानाच. मी अंगासरशी माप कधी घेतलंय का, ठके? कपड्याचं नाही की गाडीचं नाही." तिनं मान वर करून आमच्या पोत्याकडे पाहिलं. "तो मिस्त्री नको नको म्हणत होता. जागा मी ठेवली होती. कुणासाठी ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण ठेवली होती."

ठकी काहीच बोलली नाही. ठकी! ती त्या कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. ताई उत्तराची वाट बघत उभी, कात्री तशीच हातात.

शेवटी ठकी म्हणाली, "भाऊजींना गाडीत मळमळत तर नाही ना?"

ताईनं डोळ्यांना पदर लावला आणि हसत म्हणाली, "मळमळलं तर सांगणार नाहीत ते. झाडाला सांगतील."

मी फळीवर पडल्या पडल्या उजव्याला हाका मारत सुटलो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे मिस्त्रींच्या गॅरेजात. "तीन माणसांचं माप घ्या," ठकी म्हणाली. हातमशीन पुन्हा ट्रेलरच्या पुढच्या भागात चढलं होतं. भाऊजी काट्यावर उभे राहिले ते हातात रोपांची परात घेऊनच.

"ती खाली ठेवा," मिस्त्री म्हणाले.

"ही माझ्या मांडीवरच असते," भाऊजी म्हणाले. मिस्त्रींनी परातीसकट वजन धरलं.

मग ताई पुढे आली, चपला काढल्या, डोळे मिटले आणि काट्यावर चढली. "मोठ्यानं वाचू नका," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी मनाशी हिशोब केला आणि कान खाजवला. "आता तुम्हाला ते कडकच लागणार. जुने आणलेत का?"

आणलेत का! ठकीनं पोतं सोडलं. मिस्त्रींनी मला उभं धरून दाबलं. मी जीव एकवटून, पण घाई न करता, हळूहळू वर आलो. "हा ठणठणीत आहे," ते म्हणाले. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग त्यांनी उजव्याला उचललं, आणि त्याच्याखाली पोत्यावर तेलाचा काळा डाग दिसला.

"आडवे ठेवले होते होय? याचं सील सुकलं. तेल गेलं सगळं."

"मग तेवढा एक नवा घाला," ठकी म्हणाली.

"असं चालत नाही. एक नवा, एक जुना घातला तर गाडी एका अंगाला ओढते. बदलायचे तर जोडीनं."

ठकीचा चेहरा उतरला. "मीच ठेवले होते आडवे," ती हळू आवाजात म्हणाली.

उजवा भंगाराच्या पेटीत गेला. जाताना तो म्हणाला, "तू म्हणत होतास ना, येईल ती. आली बघ." मला त्याला नीट निरोपही देता आला नाही. मिस्त्रींनी फळीवरून नवी कडक जोडी काढली, अगदी आमच्यासारखी, पाठीला पाठ लावून निजलेली. ते आमच्या जागी बसवले जात असताना मी बाकावर उभा होतो, ठणठणीत.

मला पेटीत टाकायला मिस्त्रींनी हात पुढे केला, पण ठकीनं मला आधीच उचललं होतं. तिनं मला फडक्यानं पुसलं आणि ताईच्या हातात दिलं. "हे तुझंच माप होतं. तूच ठेव."

आता मी ताईच्या कापायच्या टेबलावर असतो. कापड पसरलं की ते हलू नये म्हणून ती त्यावर मला उभं ठेवते. जन्मभर भाराची वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच भार होऊन बसलो. तक्रार नाही. ताईचा हात रोज लागतो. पण खिडकीतून मातीचा वास आला की माझ्यातलं तेल अजून ढवळतं, आणि मला ती कोरडी नदी हवीशी वाटते, तो माळ हवासा वाटतो, उजवा हवासा वाटतो.

तुम्हाला एकच विनवणी. तुमच्याही घरी कुणाला तरी रागाच्या भरात फळीवर आडवं ठेवलं असेल, तर उतरवा त्याला. उद्यावर टाकू नका. आम्ही बाहेरून जसेच्या तसे दिसतो, आतलं तेल कधी झिरपून गेलं ते कुणाला कळत नाही.

आज सकाळी ती तिघं निघाली. ताईनं टेबलावर अर्धवट कापलेलं कापड तसंच ठेवलं, माझ्यासकट. रोपवाटिकेच्या फाटकाबाहेर एक खड्डा आहे. मी कान देऊन ऐकत होतो. ठकीची बडबड खिडकीखालून गेली, फाटक वाजलं, आणि गाडीच्या डाव्या बाजूनं ताईचा आवाज आला, "हळू ग."

मी टेबलावर उभ्या उभ्या दांडा आवळून धरला.